रिकाम्या रकान्यातलं वजन

फाइल माझ्याकडे आली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. आठ गावं, तीन वर्षं, आणि पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं महिन्याला एक वजन. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली ही गावं. त्यातल्या चार गावांत एका छोट्या संस्थेने अंगणवाडीच्या जेवणाशिवाय दुपारचा जादा खाऊ सुरू केला होता. शेंगदाण्याचा लाडू आणि सोबत अंडं किंवा केळं. उरलेल्या चार गावांत तो नव्हता. संस्था चालवणाऱ्या ताईंचा प्रश्न सरळ होता. "खाऊने लेकरांची वजनं वाढतात का, तेवढं सांगा. वाढत असतील तर बाकीच्या गावांसाठी पैसे मागता येतील."

मी संख्याशास्त्रात एमएस्सी पुण्याला केलं आणि पुढची बरीच वर्षं औषधांच्या चाचण्यांचे आकडे हाताळले. तिथे रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही तर कोणीतरी त्याला फोन करतं, कारण विचारतं आणि ते लिहून ठेवतं. ताईंच्या फाइलमध्ये वजनाच्या रकान्यांत मधेमधे पांढरे पट्टे होते. नोव्हेंबर ते एप्रिल ते जास्तच रुंद होते. हिवाळ्यात मुलं आजारी पडतात, सेविकांच्या मागे दुसरी कामं लागतात, असं काहीतरी मी मनाशी धरलं आणि पुढे गेले. बीडची गावं आणि नोव्हेंबर ते एप्रिल, एवढं समोर असताना मला उलगडा व्हायला हवा होता. झाला नाही.

मुलांची वजनं एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत, कारण दहा महिन्यांचं बाळ आणि चार वर्षांचं पोर यांना एकाच मापाने कसं मोजणार? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची २००६ सालची वाढमानकं घ्यायची आणि प्रत्येक वजनाचा झेड-स्कोअर काढायचा. त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या मधल्या आकड्यापासून हे मूल किती खाली किंवा वर आहे, ते त्यातून कळतं. ही मानकं ज्या सहा देशांतल्या मुलांवरून बनली त्यांत भारतही आहे, दक्षिण दिल्लीतली मुलं त्यात होती. हे काम दोन दिवसांत झालं. मग ज्या मुलांच्या वर्षभराच्या नोंदी सलग होत्या ती मुलं घेतली आणि खाऊची गावं व बिनखाऊची गावं यांची तुलना केली. आकडेमोडीसाठी आर नावाची जी संगणक प्रणाली आम्ही वापरतो, तिच्यातलं साधं रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे ते काढायची रीत, रिकामा रकाना असलेली ओळ स्वतःहून गाळून टाकतं. शेवटी बारीक अक्षरात किती ओळी गाळल्या ते सांगतं, पण वाट अडवत नाही.

उत्तर छान आलं. खाऊच्या गावांची रेघ वर, दुसरी खाली, दोघींमध्ये स्पष्ट अंतर. मी आलेख ताईंना पाठवला.

ताईंनी तो सेविकांच्या बैठकीत भिंतीवर लावला आणि मलाही बोलावून घेतलं. सगळ्या बघत होत्या. मागे बसलेल्या एका वयस्कर सेविकाबाईंनी विचारलं, "मॅडम, ह्यात आमची कोयत्याची लेकरं कुठायत?"

मी म्हटलं, ज्यांची वजनं दर महिन्याला आहेत तीच घेतली आहेत.

"मग ती न्हाईतच की ह्यात. दसरा झाला की गाव रिकामं होतं. ऱ्हातंय कोण? म्हातारी माणसं, आन ज्यांना सोडून जायला जमतं ती लेकरं."

कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला हंगामभर सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, नाहीतर थेट कर्नाटकात जायचं. अंगावरचं पोर बरोबर जाणारच. मी निवडलेली "सलग नोंदींची मुलं" म्हणजे जी गेलीच नाहीत ती. आठ गावांच्या मुलांबद्दल मी जे सांगत होते, ते खरं तर गावात राहिलेल्या मुलांबद्दलच होतं.

आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नव्हती. बाईंनीच पुढे सांगितलं, की खाऊ सुरू झाल्यापासून त्यांच्या गावात काही आज्यांनी नातवंडं ठेवून घेतली, कारण दुपारच्या खाण्याची सोय झाली. ठेवून घेतली ती अंगावरून सुटलेली, धडधाकट पोरं. बिनखाऊच्या गावातल्या दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे उलट आहे. पोर फार आजारी असेल तरच त्याची आई त्या साली मागे राहते. म्हणजे एका बाजूला राहणारी मुलं दणकट आणि दुसऱ्या बाजूला अशक्त. माझ्या आलेखातल्या दोन रेघांमधलं अंतर लाडवामुळे किती आणि कोण मागे राहिलं यामुळे किती, हे त्या आलेखावरून सांगताच येत नव्हतं.

त्या रात्री मी ताईंकडेच राहिले. सकाळी त्यांना म्हटलं, मला फाइल नको, मूळ वह्या द्या.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते या वह्यांनी. खाकी पुठ्ठ्याच्या, कडा कुरतडलेल्या, काहींवर तेलाचे डाग. आणि त्यांत रिकामे रकाने जवळजवळ नव्हतेच! वजन नाही तिथे सेविकांनी काही ना काही लिहिलेलं होतं. "को." म्हणजे कोयत्याला. "बा.गा." म्हणजे बाहेरगावी. "मामाकडे". "ताप". "आई बाळंत". "काटा बिघडला". टंकलेखन करणाऱ्या मुलाला वजनाच्या रकान्यात फक्त आकडा घालायला सांगितलेलं होतं, म्हणून त्याने अक्षरं सोडून दिली. सहा-सात वेगवेगळी कारणं एकाच पांढऱ्या चौकटीत जाऊन बसली होती. काही ठिकाणी त्याने शून्य घातला होता, आणि शून्य किलो वजनाची ती मुलं मी आधीच "चुकीची नोंद" म्हणून गाळली होती.

पुढचे तीन आठवडे मी, ताई आणि एक कार्यकर्ती अशा तिघींनी पान पान लावून कारणांचा रकाना नव्याने भरला. करताना आणखी एक दिसलं. काही मुलांचं वजन सलग तीन-चार महिने तेच, दशांशासकट. वाढत्या वयाच्या पोराचं असं होत नाही. मागच्या महिन्याचा आकडा पुढे उतरवलेला होता. मी कोणालाच दोष दिला नाही. काटा बिघडलेला असतो, पोर झोपलेलं असतं, आणि रकाना मोकळा ठेवला तर वरून विचारणा होते. शिवाय आमच्या क्षेत्रातही हीच रीत कित्येक वर्षं मान्य होती. चाचणीतून रुग्ण निघून गेला की त्याचा शेवटचा आकडा पुढच्या सगळ्या भेटींना लावायचा. मी स्वतः असे अहवाल लिहिलेले आहेत. वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही रीत म्हणजे त्याची वाढ थांबली असं ठरवून टाकणं, आणि तेही पूर्ण खात्रीने, कारण उतरवलेल्या आकड्याला कोणतीच अनिश्चितता चिकटलेली नसते. असे आकडे मी गहाळ धरले. वह्यांमधली वजनं पूर्ण किंवा अर्ध्या किलोवरच जास्त थांबत होती, तेही नोंदवून ठेवलं.

मग मी बसले, आणि गहाळ नोंदींबद्दल विद्यार्थी असताना पाठ केलेल्या तीन गोष्टी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाचल्या. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली ही विभागणी मांडली. काटा बिघडला म्हणून त्या महिन्याची वजनं नाहीत, तर त्याचा मुलाच्या वजनाशी संबंध नाही. अशी नोंद गेली तर माहिती कमी होते, उत्तर वाकडं होत नाही. दुसरा प्रकार असा, की नोंद जाण्याचा संबंध वजनाशी आहे, पण आपल्याकडे असलेल्या माहितीतून तो पूर्ण कळतो. धडधाकट पोरं मागे ठेवली जातात आणि ऑक्टोबरपर्यंतची वजनं आपल्याकडे आहेत, तर कोणतं पोर मागे राहील ते त्या वजनांवरून आणि वयावरून बऱ्यापैकी सांगता येईल. इथे सगळ्या नोंदी नीट वापरल्या तर उत्तर सरळ येऊ शकतं. तिसरा प्रकार अवघड. नोंद गेली, आणि न दिसलेलं वजनच वेगळं आहे, कोणत्याही मागच्या नोंदीवरून न कळणारं. कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत राहून, पहाटेपासून फडाच्या कडेला पाचटावर झोपून पोराचं जे वजन उतरतं, ते ऑक्टोबरच्या वजनावरून कसं समजणार?

दुसरा प्रकार की तिसरा, हे हाताशी असलेल्या आकड्यांतून सिद्ध करता येत नाही. विद्यार्थी असताना हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

खऱ्या आकड्यांना हात घालण्याआधी मी एक सराव केला, आणि कोणीही असं काम पहिल्यांदा करत असेल तर त्याने तो करावा असं मला मनापासून वाटतं. पॉटहॉफ आणि रॉय यांनी १९६४ साली छापलेली एक छोटी आकडेवारी आहे. ११ मुली, १६ मुलगे, आणि ८, १०, १२ व १४ व्या वर्षी घेतलेलं कवटीतल्या दोन बिंदूंमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. लिटल आणि रुबिन यांनी १९८७ साली यातली दहाव्या वर्षाची नऊ मापं मुद्दाम खोडली. सरसकट नाही, तर आठव्या वर्षी ज्यांचं माप कमी होतं त्यांची खोडली जाण्याची शक्यता जास्त ठेवून. गंमत अशी, की खोडलेले आकडे आपल्याला माहीत आहेत, म्हणजे आपली रीत किती चुकते ते तपासता येतं. दहाव्या वर्षी सगळ्या मुलींची सरासरी २२.२३ आहे. खोडल्यावर सात मुली उरतात आणि त्यांची सरासरी २२.७९ होते. ज्यांचं माप लहान त्याच गेल्या, म्हणून उरलेल्यांची सरासरी चढली. मग प्रत्येक मुलीला तिची स्वतःची रेघ देणारं मॉडेल बसवलं, तर दहाव्या वर्षाचा अंदाज खाली उतरून खऱ्या आकड्याजवळ येतो, कारण गेलेल्या मुलींची आठव्या, बाराव्या आणि चौदाव्या वर्षाची मापं अजून बोलत असतात.

अशा मॉडेलांना मिक्स्ड मॉडेल म्हणतात. लेर्ड आणि वेअर यांच्या १९८२ च्या लेखापासून ती सगळीकडे रुळली. कल्पना साधी आहे. गावाची एक सरासरी रेघ, आणि प्रत्येक मुलाची आपली एक रेघ, थोडी वर किंवा खाली, थोडी जास्त किंवा कमी चढती. ज्या मुलाच्या नोंदी भरपूर, त्याची रेघ त्याच्या आकड्यांवर विसंबते. ज्याच्या दोनच नोंदी, त्याची रेघ सरासरीकडे ओढली जाते. हे करताना मला पां. वा. सुखात्मे यांची फार आठवण आली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. दोन माणसांमधला फरक आणि एकाच माणसात दिवसागणिक होणारा फरक हे दोन वेगळे आहेत, आणि एकाच दिवसाच्या मोजणीवरून कुपोषित कोण ते ठरवू नका, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून त्यांनी काढलेल्या निष्कर्षांवर मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता असं माझं मत आहे. पण फरकाचे हे दोन थर वेगळे ठेवायचे, हा आग्रह माझ्या मॉडेलचा पायाच होता.

मिक्स्ड मॉडेलमध्ये कोयत्याची मुलंही आली, निदान त्यांचे गावातले महिने तरी आले. खाऊच्या परिणामाचा आकडा लगेच आकसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितता रुंदावली. गावं आठच असल्यामुळे ती मुळातच रुंद होती.

पण हे मॉडेल एक गोष्ट धरून चालतं. कोपीतलं मूल त्याच्यासारखाच इतिहास असलेल्या गावातल्या मुलासारखंच वाढत असणार, असं. ते तपासायला एक आडवाट सापडली. मुलं परत येतात, आणि परतल्यावर त्यांचं वजन होतं. मी प्रत्येक कोयत्याच्या मुलाचं परतल्यानंतरचं पहिलं वजन झाकून ठेवलं, मॉडेलला त्याचा अंदाज करायला सांगितला आणि मग खरं वजन उघडून पाहिलं. जी मुलं परतल्यावर आठवड्याभरात काट्यावर बसली होती, त्यांतली बहुतेक मॉडेलच्या रेघेखाली होती. जी दोन-तीन महिन्यांनी आली ती रेघेच्या जवळ. म्हणजे वजन उतरत होतं आणि गावात आल्यावर भरून येत होतं. ऑक्टोबर आणि जून जोडणारी सरळ रेघ त्या खड्ड्यावरून अलगद पलीकडे जात होती. हा पुरावा पक्का नाही, प्रवासात पोटं बिघडली असतील. तरी मॉडेलने धरलेली गोष्ट मला आता सोडून द्यावी लागणार होती.

पुढची पायरी बहुविध भरणीची. आईचं शिक्षण, जन्मवजन असल्या रकान्यांतही भोकं होती आणि ती मिक्स्ड मॉडेल स्वतःहून सांभाळत नाही. शिवाय पुढे जे करायचं होतं त्यासाठी रिकाम्या जागी आकडे असणं सोयीचं होतं. यात रिकाम्या जागी एकच आकडा न घालता संभाव्य आकड्यांतून उचलून वेगवेगळे आकडे घालायचे आणि पूर्ण झालेल्या फाइलच्या अनेक प्रती बनवायच्या. आरमधलं माइस नावाचं पॅकेज न सांगता पाच प्रती करतं, मी वीस केल्या. प्रत्येक प्रतीवर तेच मॉडेल चालवायचं. सगळ्या उत्तरांची सरासरी म्हणजे आपलं उत्तर. अनिश्चितता मोजताना मात्र दोन गोष्टी मिळवायच्या, प्रत्येक प्रतीच्या आतली आणि प्रतींमधल्या मतभेदाची. समजा आतलं सरासरी विचरण, म्हणजे आकड्यांच्या विखुरण्याचं माप, ४ आहे आणि वीस प्रतींच्या उत्तरांमधलं विचरण १, तर एकूण ४ अधिक १.०५ गुणिले १, म्हणजे ५.०५. तो ०.०५ प्रती अगणित नसून वीसच आहेत याचा. आकडे भरताना एका मुलाच्या ओळी एकमेकींशी बांधलेल्या ठेवाव्या लागतात. पहिल्यांदा मी ते विसरले, आणि माझी मुलं एका महिन्यात दीड किलो वाढून दुसऱ्या महिन्यात तेवढीच उतरू लागली.

मग एक संध्याकाळ आली. भरलेल्या प्रतींमधून सहज म्हणून काही मुलांच्या रेघा चाळत होते. एका मुलीची रेघ फार सुरेख होती. जानेवारीपर्यंत खऱ्या नोंदी, ठिपक्यांनी दाखवलेल्या. त्यापुढे अकरा महिने भरलेले आकडे, हळूहळू वर चढणारे. वीसही प्रतींमध्ये जवळजवळ तशीच. इतक्या चांगल्या वाढणाऱ्या मुलीची नोंद अचानक का थांबली, म्हणून मी कारणाचा रकाना पाहिला. तो रिकामा होता, तो आम्ही भरायचा राहिला होता. वहीचं पान शोधलं. फेब्रुवारीच्या चौकटीत बारीक अक्षरात "मयत" लिहिलं होतं, आणि पुढे आडवी रेघ.

मी लॅपटॉप बंद केला. त्या बाळाला मी अकरा महिने वाढवत नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले तेव्हा स्वतःला नीट समजावून सांगितलं. कोयत्याला गेलेल्या मुलाचं जानेवारीतलं वजन अस्तित्वात आहे, आपण ते पाहिलेलं नाही. वारलेल्या मुलाचं मार्चमधलं वजन गहाळ नाही, ते नाहीच. ते भरणं म्हणजे मृत्यू झालाच नाही असं म्हणणं. म्हणून मृत्यूनंतरचे महिने फाइलमधून पूर्ण काढले, जिवंत असलेल्या महिन्यांवरच वजनाचं विश्लेषण केलं, आणि मृत्यू अहवालात वेगळ्या तक्त्यात, पहिल्या पानावर दिले. वजनांच्या सरासरीत ते कधीच दिसले नसते. उलट सर्वांत अशक्त मूल गेल्यावर उरलेल्यांची सरासरी वर जाते. तिन्ही वर्षांच्या सगळ्या वह्या मी "मयत" या एका शब्दासाठी पुन्हा पहिल्या पानापासून पाहिल्या.

नंतर राहिला तो तिसरा प्रकार, कोपीतलं न दिसलेलं वजन. इथे खरं उत्तर काढायचा दावा न करता असं विचारायचं, की आपलं उत्तर किती ताणलं तर तुटतं. कोयत्याच्या महिन्यांत भरलेल्या प्रत्येक वजनातून मी १०० ग्रॅम वजा केले आणि सगळं पुन्हा चालवलं. मग २०० ग्रॅम, मग ३०० ग्रॅम, असं पुढे. दोन्ही प्रकारच्या गावांत सारखं वजा केलं, मग वेगवेगळं. खाऊचा परिणाम कुठल्या पायरीला शून्याशी टेकतो ते पाहिलं. ती पायरी गाठता येण्यासारखी आहे का, हे मला संगणक सांगणार नव्हता. मी तो आकडा घेऊन त्याच वयस्कर बाईंकडे गेले. त्या बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग म्हणाल्या, "इतकं काय उतरत न्हाई, मॅडम. पण ह्याच्या निम्मं तर उतरतंच. अंगावर पिणाऱ्याचं कमी, दूध सुटलेल्याचं जास्त."

तिथून परत येऊन मी वजाबाकी वयानुसार वेगळी केली. संख्याशास्त्रात याला तज्ज्ञांचं मत घेणं म्हणतात, आणि या विषयातल्या तज्ज्ञ त्याच होत्या.

अहवाल ताईंना दिला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, आणि मला ते समजत होतं. पहिल्या आलेखावर भरवसा ठेवून त्यांनी अर्ज लिहायला घेतला होता. नव्या अहवालात लिहिलं होतं, की गावात राहणाऱ्या मुलांना खाऊचा फायदा दिसतो, सगळी मुलं धरली तर तो कमी आहे आणि त्याची खात्री कोयत्याच्या महिन्यांत काय होतं यावर अवलंबून आहे. "मग उपयोग झाला की नाही?" ताईंनी विचारलं. मी म्हटलं, पोर गावात असतं तेव्हा झाला असं वाटतं. नसतं तेव्हाचं आपण मोजलेलंच नाही.

"मग मोजायला जाऊ," ताई म्हणाल्या.

सगळ्यांमागे जाणं शक्य नव्हतं. आठ गावांची कुटुंबं पाच-सहा जिल्ह्यांत पांगलेली. पण सगळ्यांमागे जायची गरजही नसते. हॅन्सेन आणि हर्विट्झ यांनी १९४६ मध्येच दाखवलं होतं, की ज्यांची उत्तरं मिळाली नाहीत त्यांच्यातूनच सोडत काढून थोडे निवडा, त्या थोड्यांपर्यंत मात्र काहीही करून पोचा, आणि हिशेब करताना त्यांतल्या प्रत्येकाला न निवडलेल्या त्याच्यासारख्या इतरांच्याही वतीने धरा. पत्राने विचारपूस करणाऱ्या पाहण्यांसाठी सुचलेली ही युक्ती इथे चपखल बसत होती. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुरू केला आणि दशकानुदशकं चालवला, त्याबद्दल मी विद्यार्थीदशेपासून ऐकत आले होते. मुलांचा माग सोडायचा नाही, ही जिद्द कोणत्याही मॉडेलपेक्षा मोलाची आहे असं माझं आता ठाम मत झालंय.

दसऱ्यानंतर गाड्या हलल्या तेव्हा बाईंनी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पुढे मुकादमाचं नाव आणि कारखान्याचा तालुका लिहून घेतला. वहीत त्यासाठी नवा रकाना आखला होता. नोव्हेंबरात अंगणवाडीत बसून चिठ्ठ्या काढल्या. आयांना जायच्या आधीच विचारून ठेवलेलं होतं. काही जणींनी नको म्हटलं, त्यांची नावं बाजूला ठेवली आणि तीही मोजली.

जानेवारीत आम्ही चौघी निघालो, झोळीचा काटा, दोन वह्या आणि तपासणीसाठी पाच किलोचं वजन घेऊन. बैलगाडीवाली कुटुंबं कारखान्याजवळच्या तळावर लवकर सापडली. टोळीवाली फडाफडाने पुढे सरकत होती. दोनदा आम्ही पोचलो तर काल रात्रीच तळ हललेला. दोन मुलं शेवटपर्यंत सापडली नाहीत, ती अजूनही फाइलमध्ये रिकामी आहेत.

सांगली जिल्ह्यातल्या एका तळावर पोचलो तेव्हा दिवस कलत होता. बायका फडावरून परतत होत्या, डोक्यावर उसाच्या वाढ्यांचे भारे. चुली पेटायला लागल्या होत्या. चिठ्ठीतलं नाव अडीच वर्षांच्या मुलाचं होतं, आणि बाईंना लांबूनच पाहून तो कोपीतून पळत आला, कारण ही आपल्या अंगणवाडीची बाई आहे हे त्याला पक्कं आठवत होतं. काटा बाभळीच्या फांदीला अडकवला. आधी पाच किलोचं वजन लावून पाहिलं, बरोबर होतं. मग त्याला झोळीत बसवलं. तो हसत पाय हलवत राहिला आणि काटा थांबेना. त्याच्या आईने त्याच्या हातात उसाचा तुकडा दिला तेव्हा तो गप्प झाला. बाईंनी आकडा दोनदा वाचला, मला वाचायला लावला, आणि मग वही गुडघ्यावर धरून जानेवारीच्या चौकटीत, आधी लिहिलेल्या "को."च्या खाली, लिहिला.